मुक्या प्लगिनचे पेढे

पेढे वाटून झाले आणि मग समाधानला स्वतःची चूक सापडली. आता बोला!

येरवड्याच्या त्या कंपनीत सलाइनच्या यंत्राचं सॉफ्टवेअर तयार व्हायचं. चाचण्यांच्या निकालाचा फलक पूर्ण हिरवा झाला, म्हणजे सगळ्या पास झाल्या, की ज्याच्यामुळे झाला त्यानं पेढे आणायचे, असा तिथला रिवाज. नेटवर्क रेंगाळलं की चाचण्या उगाच नापास व्हायच्या. त्यावर समाधाननं प्लगिन, म्हणजे एक छोटा जोड-प्रोग्राम, लिहिलं: नापास चाचणी पुन्हा चालवायची आणि निकाल फ्रेमवर्कला, म्हणजे चाचण्या चालवून फलक रंगवणाऱ्या मुख्य प्रोग्रामला, कळवायचा. पोरगं अकोल्याचं, नोकरीत अजून कायम झालेलं नाही. बायको दीपालीनं तर तिकडची शाळेतली नोकरी सोडून नुकताच इथे संसार मांडलेला. घाईच्या भरात गड्यानं चाचणी पुन्हा चालवली खरी, पण दुसऱ्यांदाही नापास झाली तर ते सांगायची ओळच लिहिली नाही. प्लगिन गप्प बसायचं, आणि फ्रेमवर्क गप्प बसण्याला पास समजायचं; फलक हिरवा झाला तो असा.

आजच हे सॉफ्टवेअर दवाखान्यांत जाणार होतं. बोललो तर नोकरी गेलीच. नाही बोललो, तर कुणाला कळणार आहे? हा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बैठकीत टीमप्रमुख रुपाली मॅडमनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय? नाही ना? मग पाठवते."

मॅडमचा हात माउसवर गेला तसा समाधान ओरडलाच, "मॅडम, थांबा! फलक खोटा आहे!"

त्यानं प्लगिन बंद केलं आणि चाचण्या पुन्हा लावल्या. हिरव्या ओळींत एक लाल ओळ उगवली. नळीत हवा शिरली तर यंत्र थांबलं पाहिजे: नापास.

"वा!" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे पेढे आपण ह्या नापासाचे खाल्ले." कुणी हसलं नाही. "सॉफ्टवेअर आज जाणार नाही. तुमचं काय ते वरचे ठरवतील, समाधान. मी मध्ये पडणार नाही."

तो बाहेर जिन्यात येऊन बसला. तेवढ्यात दीपालीचा फोन आला.

"अहो, माझ्या वाटणीचा पेढा ठेवलाय ना? आता कायमच करतील ना तुम्हाला?"

त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"गप्प का? बरं, गप्प म्हणजे हो समजते," ती हसत म्हणाली.

"नको गं," समाधानला हुंदका फुटला, "तसं समजू नकोस."