क्रोएशियाच्या बाजूने शनी

२०१८च्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत त्या रविवारी होती. सकाळीच सिंगापूरच्या यिशुनमधल्या चारुदत्तकाकांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. एरवी त्या घराची बेल कुरियरवाल्याखेरीज कोणी वाजवत नसे. आज आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक काकांच्या मोबाइलवर वाकले होते.

"वत्सा, गोलरक्षकाच्या डाव्या हातावर शनी बसला आहे. आज क्रोएशियाच विश्वविजेता!"

हा विजयानंद महाराजांचा मेसेज. डेन्मार्क, रशिया, इंग्लंड, तिघांनाही क्रोएशिया हरवणार, असं त्यांनी काकांना आधीच कळवलं होतं आणि तसंच घडलं होतं.

"प्रेडिक्शन मार्केटमध्ये क्रोएशियाचं तिकीट चाळीसला मिळतंय," मंडळातला शैलेंद्र म्हणाला. "उद्या त्याचे शंभर!"

पैसे महाराजांच्या शिष्याकडे पाठवायचे, तो परदेशातून लावणार. काका सगळी शिल्लक पाठवायला निघाले होते. मी खालच्याच मजल्यावर राहते, बँकेत जोखमीचा हिशेब करते. मला राहवेना.

"काका, जिंकलं तर शंभर, हरलं तर शून्य, अशा तिकिटाला लोक चाळीस देताहेत. म्हणजे त्यांच्या मते क्रोएशिया जिंकण्याची शक्यता शंभरात चाळीस. तो नुसता अंदाज आहे, वचन नव्हे."

"सुलेखा, लोक अंदाज करतात. महाराजांना दिसतं!"

"मग ते स्वतःच का नाही लावत?"

"त्यांना मोह नाही," शैलेंद्र गंभीरपणे म्हणाला.

मी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, "विजयानंद महाराजांचे मेसेज आणखी कोणाला आले?"

मग अवनीने लिहिलं, "मला डेन्मार्क सांगितलं होतं. चुकलं, मग मी ब्लॉक केलं." प्रबोधला इंग्लंड सांगितलं होतं. आणि आंग मो किओ भागातून निहारने लिहिलं, "माझे तिन्ही बरोबर आले. आज फ्रान्स जिंकणार!" सोबत मेसेजचा फोटो. तोच शनी, तोच डावा हात, फक्त संघ वेगळा.

"बघा," मी म्हणाले. "निम्म्यांना एक संघ सांगायचा, निम्म्यांना दुसरा. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. शेवटी जे उरतात त्यांना सगळंच खरं ठरलेलं दिसतं. चुकलेले लाजेने गप्प बसतात. आज क्रोएशिया जिंकला, तरी महाराज लबाडच!"

शैलेंद्रला एकदम काहीतरी काम आठवलं. हळूहळू घर रिकामं झालं. काका आणि मी, दोघंच उरलो.

"खोटा होता, कळलं मला," काका म्हणाले. "पण तुझी नंदाकाकू गेल्यापासून 'जेवलास का' असं विचारणारा तेवढा एकच होता गं."

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

भविष्य कोणालाच दिसत नाही. कोणाचं भाकीत खरं ठरलं, तर नमस्कार करण्याआधी एवढंच विचारावं: चुकलेली भाकितं कुठे गेली? लबाडाला आपण मूर्ख असावं लागत नाही, आपलं एकटेपण पुरतं.

काकांनी तेवढ्यात निहारचा नंबर मागून घेतला.

"पोरगा पैसे पाठवून बसेल," म्हणत त्यांनी फोन लावला. शनीची गोष्ट दोन वाक्यांत संपली. मग काका म्हणाले, "तूही एकटाच राहतोस का रे? मग ये की इकडे. मॅच इथेच बघू."