बैठकीच्या खोलीचं माप

माझी बायको नोलीन गेल्या ऑगस्टमध्ये गेली; आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, तो ऐन हिवाळा. शेवटचे तीन महिने ती बैठकीच्या खोलीतच झोपायची. तिला हुडहुडी भरली की मी म्हणायचो, "अजून एक स्वेटर घाल." आमच्या रॅनफर्ली गावात सगळे हेच म्हणतात. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

यंदा मे महिन्यात माझी मुलगी लॉरेल डुनेडिनहून आली. तिथल्या वृद्धाश्रमात तिनं माझ्यासाठी खोली धरून ठेवली होती.

"बाबा, या बर्फाच्या पेटीत तू आणखी एक हिवाळा काढणार नाहीस."

"हीट पंप बसवतो."

"बसव. जूनमधल्या पहिल्या कडक हिमाला मी सकाळी सातला येईन. खोलीत अठरा अंश नसले, तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. नोलीनचं घर मला सोडायचं नव्हतं.

हीट पंप म्हणजे उलटा एसी: त्याची बाहेरची पेटी हवेतली ऊब ओढून घरात सोडते. दुकानात फोन केला. विक्रेत्यानं लांबी-रुंदी विचारली. "तीस चौरस मीटर? पाच किलोवॅटचा भरपूर झाला, काका." छत किती उंच, हे त्यानं विचारलंच नाही. आमचं छत साडेतीन मीटरवर आहे. मी चाळीस वर्षं गवत विकलं. उंची न धरता गंजी विकली असती, तर गावानं मला वेड्यात काढलं असतं.

शेजारचा हेक्टर म्हणाला, "सरळ दहाचा घे."

"तुझ्या ट्रॅक्टरसारखा? फाटकातून आत न जाणारा?"

"ट्रॅक्टर ठीक आहे, फाटकच लहान आहे रे."

मग मी माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मोठ्या अक्षरांत छापलेला किलोवॅटचा आकडा बाहेर सात अंश असतानाचा होता. आमच्याकडे पहाटे शून्याखाली दहा असतं. तेवढ्या थंडीत पाचचा पंप तीनवर येतो, आठचा सहावर. आणि फार मोठा घेतला, तर साध्या दिवसांत तो सारखा चालू-बंद होत राहतो.

पण खोलीला किलोवॅट लागतात किती? ते खोलीलाच विचारायचं ठरवलं. मेच्या अखेरीस एका सकाळी, बाहेर शून्याखाली दहा असताना, हेक्टरकडून आणि चर्चमधून दोन-दोन किलोवॅटचे चार विजेचे हीटर आणले. वायरी स्वयंपाकघरातून, न्हाणीतून ओढल्या. चारही लावले, तरी तापमापकाचा काटा चौदावर अडकला. हेक्टरनं भिंतीतल्या जुन्या शेकोटीपाशी हात धरला.

"अरे, तू आभाळ तापवतोयस. सगळं धुराड्यातून चाललंय."

मी धुराड्यात लोकरीचं पोतं कोंबलं, जमिनीपर्यंत जाड पडदे लावले. दुसऱ्या दिवशीही तेवढीच थंडी होती. तीन हीटरांत खोली वीस अंशांवर टिकली. तीन दुणे सहा. म्हणजे आठचा.

पंप बसवायला डेझमंड आला. "दुकानवाल्यानं पाच लिहिलाय."

"खोडून आठ लिही."

"कुणी सांगितलं?"

मी हीटरांची हकीकत सांगितली. त्यानं टोपी मागे सरकवली. "वीस वर्षं पंप बसवतोय, काका. असं मोजणारं कुणी पाहिलं नाही." त्यानं आकडा खोडला.

जूनच्या बाराव्या दिवशी शून्याखाली अकरा झालं. लॉरेल सातला आली, कोट न काढता आत शिरली. तिनं आपला तापमापक आणला होता. माझ्यावर विश्वास नाही म्हणाली. तो टेबलावर ठेवून ती बसली. मी चहा केला. दहा मिनिटं तापमापक स्थिरावू दिला. पंपाची बाहेरची पेटी स्वतःवर साचलेलं बर्फ वितळवायला थांबली, तेव्हा तिनं भुवया उंचावल्या. चारेक मिनिटांत पेटी पुन्हा सुरू झाली.

तिनं वाकून आकडा पाहिला. वीस.

ती हळूहळू कोटाची बटणं काढू लागली. मग फोन घेऊन ती दारात गेली आणि मी तिला बोलताना ऐकलं, "हो, बाबांसाठी धरलेली खोली. दुसऱ्या कुणाला द्या. नाही, त्यांना बरं आहे. त्यांना घरीच बरं आहे."

"लॉरेल," मी म्हटलं, "हवं तेवढं बोल, पण दार लाव. ऊब बाहेर चाललीय."