रिकाम्या गाडीची ट्रायल

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. पण बिस्किटांची नव्हे. रुग्णांची ने-आण करणाऱ्या एका व्हॅनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटखाली, टर्बोला चिकटून बसलेली मी पत्र्याची डबी. खरे नाव ॲक्चुएटर. ते कोणाला धड उच्चारता येत नाही, म्हणून सगळे डबीच म्हणतात. तेही शिव्या घालायच्या असतील तेव्हाच.

माझे काम आधी सांगते. ते कोणी नीट समजून घेतले असते तर ही कहाणी सांगायची वेळच आली नसती. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तशी ताकदही जास्त. पण टर्बोला कुठे थांबायचे ते कळत नाही. हवेचा दाब वाढला की माझ्या पोटातला रबरी पडदा ढकलला जातो, माझा दांडा पुढे सरकतो आणि एक छोटी झडप उघडते. थोडा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो आणि टर्बो ताळ्यावर येतो. झडप किती दाबाला उघडायची, हे माझ्या दांड्यावरचा नट ठरवतो. कारखान्यात एका बाईंनी तो नट बसवला, मला मीटरवर पुन्हा पुन्हा तपासले, "छान उघडतेस की," असे पुटपुटल्या आणि नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. याला हात लावू नका, असा त्याचा अर्थ. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच.

व्हॅन छोटूची. छोटू म्हणजे आमचा ड्रायव्हर. केस पिकायला लागले तरी हे नाव काही त्याला सुटले नाही. टेकडीवरच्या इस्पितळात रुग्ण न्यायचे आणि परत आणायचे, हे आमचे काम. मी वेळेवर उघडत होते, वेळेवर मिटत होते, आणि मी आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हते. ते सुखाचे दिवस होते.

मग छोटूच्या ताईच्या पाठीचे ऑपरेशन झाले. उपचारांसाठी तिला दर आठवड्याला टेकडीवर न्यावे लागे. यात खंड पडला तर पुन्हा चालणे अवघड, असे डॉक्टरांनी बजावले होते. ताईचे यजमान मिस्त्री. त्यांचे स्वतःचे गॅरेज. बायकोवर त्यांचा फार जीव. चढ जितका लवकर संपेल तितका तिला त्रास कमी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी सीट उचलली, पाना घेतला, ठिपका फोडला आणि माझा नट आवळला.

आता दाब वाढला तरी मला वेळेत उघडता येईना. भरल्या गाडीत, चढावरच्या मोठ्या वळणापाशी दाब हद्दीबाहेर जायचा. इंजिनावर नजर ठेवणारा गाडीतला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घाबरून डिझेल तोडायचा, ताकद धाडकन पडायची आणि पुढच्याच क्षणी गाडी उसळी मारायची. मागच्या बाकावर आडव्या पडलेल्या ताईचा श्वास अडकलेला मला सीटखाली ऐकू यायचा.

गाडी वळणावर लाथ मारते, असे छोटूने भावोजींना सांगितले. मिस्त्री एकटेच गाडीत बसले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि गाडी लोण्यासारखी चालते आहे, असे सांगून मोकळे झाले. चालणारच. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर इंजिनावर भारच नसतो. दाब चढत नाही आणि मला उघडायची वेळच येत नाही. पण हे सांगणार कोण? मला तोंड आहे थोडेच! छोटूने पुन्हा तक्रार केली, फिल्टर बदलला गेला. पुन्हा केली, नळ्या बदलल्या. शेवटी ॲक्सिलरेटरवर छोटूचाच पाय जड पडतो, असे ठरले. आणि दर वेळी जाता जाता, पिकप वाढावा म्हणून, माझ्या नटाला आणखी अर्धा पीळ. मला इतका संताप यायचा की आपल्या पोटातली स्प्रिंग तुटली तर बरे, असे वाटायचे.

एक दिवस गाडीतून उतरताना ताई शांतपणे म्हणाली, "छोटू, यापुढे मी येणार नाही. नाही चालता आलं तर नाही. पण तो चढ नको."

पुढच्या फेरीला ती खरोखरच आली नाही. छोटूने रुग्णांनी भरलेली गाडी थेट गॅरेजसमोर उभी केली. मिस्त्रींनी ट्रायलसाठी किल्ली मागितली. छोटूने दिली नाही.

"आज चालवायची नाही, भावोजी. आज ताईच्या जागी झोपायचं."

गिऱ्हाइके खोळंबली होती. मिस्त्री कुरकुरले, पण बाकावर आडवे झाले. चढ सुरू झाला. वळण यायच्या आधीच छताला लटकणाऱ्या कड्या एकदम खुळखुळल्या. कोणी काही बोलले नव्हते, पण सगळ्यांचे हात वर गेले होते. हे काय चालले आहे, असे मिस्त्रींनी विचारले.

"आता धक्का येईल ना," एक आजोबा म्हणाले. "तुम्हीही धरा."

झोपलेल्या माणसाचा हात कडीपर्यंत पोहोचत नाही. धक्का आला. मिस्त्रींनी कण्हत विचारले,

"ती कशाला धरायची रे?"

"कशालाच नाही," छोटू म्हणाला.

मिस्त्रींनी गाडी थांबवायला लावली. सीट उचलली, तापलेल्या पत्र्यावर बोटे भाजून घेतली आणि माझा नट सैल केला. गाडी खाली नेली, पुन्हा वर आणली. फार सैल झाले तेव्हा इंजिनाला धाप लागली, म्हणून किंचित आवळले. उशीर होत होता, पण एकाही रुग्णाने तक्रार केली नाही. शेवटच्या खेपेला कड्या खुळखुळल्या आणि धक्का आलाच नाही. हात नुसतेच वर राहिले. मग सगळ्यांनी मिस्त्रींच्या हाताची वाहवा केली. माझे नावही कोणी काढले नाही.

पुढच्या आठवड्यात पुष्कळ विनवण्यांनंतर ताई आली. चढ आता पूर्वीपेक्षा सावकाश होता. मिस्त्री तिच्या बाकाशी खालीच बसले होते. तिने त्यांचे मनगट घट्ट धरले होते.

"वळण आलं की सांगा," ती म्हणाली.

"मागे गेलं," मिस्त्री म्हणाले.

मित्रांनो, माझ्या नटावर आता पिवळा ठिपका नाही. उद्या कोणीही पाना लावू शकतो. म्हणून एवढेच मागणे. पाना उचलण्याआधी गाडी माणसांनी भरा, चढावर न्या आणि स्वतः मागच्या बाकावर आडवे पडून या. मग खुशाल आवळा.