अप्पा जहाजाबाहेर असताना

"डावं इंजिन बंद करा."

"डावं इंजिन बंद करतो," अप्पा मागच्या खोलीतून म्हणाले.

"करतो म्हणू नका, करा. माझंच वाक्य मला परत ऐकवता. हा काय पाढ्यांचा तास आहे? आजपासून पुन्हा म्हणणं बंद. मी सांगायचं, तुम्ही करायचं."

कप्तानाने हे आपल्या सख्ख्या सासऱ्यांना सुनावलं, आणि तेही बाकीच्या दोघा खलाशांच्या कानांवर नीट पडेल अशा बेताने. त्या दोघांपैकी तोफा सांभाळणारी मुलगी हसली. कप्तानाला बरं वाटलं.

आता कप्तान म्हणजे काही खरा कप्तान नव्हे. हा गृहस्थ एका कचेरीत आवक-जावक कारकून होता. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, मधल्या मजकुराशी काडीचा संबंध नाही. सव्वीस वर्षांत त्याच्या शब्दावर तिथली एक खुर्चीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. म्हणून रविवारी दुपारी जेवण उरकलं की तो कानांवर हेडफोन चढवायचा आणि कॉम्प्युटरवर अंतराळयान हाकायचा. चौघांनी मिळून चालवायचं यान. दोघे कुठल्या कुठल्या गावांतले, कप्तान बाहेरच्या खोलीत आणि इंजिनावरचे अप्पा मागच्या खोलीत. खेळ मोठा कठोर होता. त्यात मेला तो मेला. कमावलेला हुद्दा गेला, नाव गेलं, पुन्हा सगळ्यांत खालच्या पायरीपासून सुरुवात. कप्तानाला नेमकं हेच आवडायचं. चार माणसांच्या जिवाचा धनी झाल्यासारखं त्याला कचेरीत कधी वाटलं नव्हतं.

त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, तो आणि बिनडोक. कचेरीतले साहेब बिनडोक, तोफवाली मुलगी उथळ, नकाशे बघणारा चौथा गडी दगड. पण अप्पांना तुच्छ लेखणं त्याला सगळ्यांत सोयीचं होतं, कारण अप्पा उलट बोलत नसत.

अप्पांनी एकतीस वर्षं एका इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. कुठल्या गटाचं रक्त कुठल्या वॉर्डात हवंय, हा निरोप पुढे द्यायच्या आधी सांगणाऱ्याला परत म्हणून दाखवायचा, असा तिथला शिरस्ता. सासूबाई गेल्यावर लेकीने वडिलांना घरी आणलं आणि नवऱ्याच्या मागे लागून त्यांना या खेळात घेतलं. "अहो, तेवढंच कोणाशी तरी बोलतील," ती म्हणाली होती. अप्पांनी खेळ मनावर घेतला. वहीत इंजिनाचे सगळे झडप-नळ उतरवून घेतले आणि चौदा महिन्यांत साध्या खलाशाचे मुख्य यंत्रज्ञ झाले. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते दुपारची वाट बघत. कप्तान हे तोफवालीला विनोद म्हणून सांगायचा. म्हाताऱ्याच्या आठवड्यात त्या दोन तासांपलीकडे दुसरं काहीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यावरही तो हसायचा.

पाढ्यांवरून झापलं त्याच दुपारी यानावर दगडांचा मारा झाला. बाहेरच्या अंगाने जाणारी नळी फुटली. अप्पा अंतराळपोशाख चढवून, दोर बांधून बाहेर गेले आणि मन लावून नळी सांधू लागले. तेवढ्यात नकाशेवाल्याने शत्रूची दोन यानं येताना पाहिली.

"अप्पा, आत या," कप्तान म्हणाला. "मिनिटभरात इंजिन पेटवतोय."

उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणायचं नाही असं त्यानेच बजावलं होतं, तेव्हा शांतता म्हणजे हुकूम पाळला, असं त्याने धरून टाकलं.

"कप्तान, अप्पा आलेत का आत?" तोफवालीने विचारलं. "एकदा विचारा ना."

"एकदा सांगितलं की पुरे. तीच शिस्त लावतोय त्यांना."

पडद्याच्या कोपऱ्यात बाहेरच्या दाराचा दिवा तांबडा होता, म्हणजे दार उघडंच होतं. तो दिसायला मान जराशी वळवावी लागली असती. पण हुकूम सोडून झाल्यावर तो पाळला गेला की नाही हे बघणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याने इंजिन पेटवलं. यान सुसाट निघालं, शत्रू मागे पडला, कप्तानाने स्वतःच स्वतःला शाबासकी दिली. मग खलाशांच्या यादीतलं अप्पांचं नाव करडं झालं, खेळात मेलेल्याचं होतं तसं.

"अरे देवा," तोफवाली हळूच म्हणाली.

आणि मागच्या खोलीतून, हेडफोनमधून नव्हे, उघड्या दारातून, अप्पांचा आवाज आला. "जावईबापू, तुम्ही काही म्हणालात का आत्ता?"

कप्तान तिथेच ओशाळता तर ही गोष्ट सांगायचं कारण पडलं नसतं. पण तो खवळला. "बाहेर झोपा काढत होतात का? कान आहेत की नाहीत?"

अप्पा हेडफोन हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. त्याची वायर एका जागी चिकटपट्टीने गुंडाळलेली होती. कप्तानाने स्वतःला नवा आणला तेव्हा हा टाकायचा म्हणून काढला होता, तो सासऱ्यांना दिला.

"यात मधेमधे आवाज जातो," अप्पा म्हणाले. "म्हणून तर परत म्हणून दाखवायचो. सगळं नीट आलं की नाही, ते कळतं त्यानं."

"मग चौदा महिने बोलला का नाहीत?"

"तुम्ही दिलेला. त्याला नावं कशी ठेवायची?"

"कप्तान," तोफवाली म्हणाली, "त्यांना नव्या नावाने घेऊ या. शिकवू आपण पुन्हा."

बिनहुद्द्याचा माणूस आपल्या यानावर घ्यायचा नाही, हा नियम कप्तानाचाच, अप्पा आल्यानंतर केलेला. मोडायला एक शब्द पुरला असता. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षांची सवय जिभेवर बसली होती.

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. त्यांनी वायरची नीट गुंडाळी केली, हेडफोन टेबलावर ठेवला आणि ते आत गेले.

बायको तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "त्यांना तेवढंच होतं हो." आवाज चढवला नाही, म्हणून ते त्याला जास्त लागलं. कचेरीत त्या दिवशी त्याने जाणाऱ्या पत्रांवर आवकचे शिक्के मारले. आपण एक क्षुद्र माणूस आहोत, ही गोष्ट त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून सुचली, आणि ती सुचल्यावर कोणावर ढकलावी ते कळेना.

तिसऱ्या रविवारी त्याने नवा हेडफोन आणला, आपल्यापेक्षा भारी. वाटेत वाक्यही जुळवलं. "अप्पा, नियम मोडला. चला." चार शब्द, पण ते घोकताना त्याला घाम फुटला.

मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. अप्पा खिडकीशी पाठमोरे बसले होते. कानांवर नवा हेडफोन होता, लेकीने आणलेला असणार. पडद्यावर कुठलंसं परकं यान होतं, आणि यादीत अगदी तळाला, बिनहुद्द्याच्या खलाशाच्या जागी, अप्पांचं नवं नाव होतं. पलीकडून कोणीतरी काही बोललं. अप्पा मोकळेपणाने हसले. या घरात त्यांना असं हसताना कप्तानाने ऐकलं नव्हतं.

मग पलीकडच्याने काही विचारलं असावं.

"छे हो," अप्पा म्हणाले, "घरात दुसरं कोणी खेळत नाही. मी एकटाच."

कप्तानाने खोका काखेत मारला आणि पावलांचा आवाज होऊ न देता तो बाहेरच्या खोलीत गेला.