केळफूल सोलणारे हात

बंगालमधल्या कृष्णनगरच्या तरुण संघाच्या हॉलमध्ये केतकीची बारा चित्रं भिंतीवर टांगली होती, आणि आलेल्या पाहुण्यांपैकी एकाचंही लक्ष भिंतीकडे नव्हतं. सगळे दारापाशी, पॅकेटांच्या टेबलाभोवती. एका पॅकेटात एक समोसा, थोडी खारी निमकी आणि सायीची एक मिठाई, सरपुरिया.

केतकीचा जीव अडकला होता तो सातव्या चित्रात. तान्ही लेक तुतुन झोपली की चोरून काढलेलं चित्र. त्यात सासूबाई निभाननीदेवींचे केळफूल सोलणारे, चिकानं काळे पडलेले हात. घरी ह्याचा कोणाला पत्ता नव्हता. सासूबाईंना ती मा म्हणे. मा बघतील तर चिडतील, ही एक भीती. त्या बघणारच नाहीत, ही त्याहून मोठी. घरात सूनबाईच्या चित्रकलेला ‘बौमाचं रंगकाम’ म्हणत, दारंखिडक्या रंगवाव्यात तसं.

"घाबरू नकोस," संघाचे सेक्रेटरी पटलदा म्हणाले. "माणूस पॅकेट घेतो नि पळतो, हे मला ठाऊक आहे. यंदा बंदोबस्त केलाय. आधी वहीत आवडत्या चित्राचा क्रमांक लिहायचा, मगच पॅकेट!"

वही मात्र त्यांनी पॅकेटांशेजारीच ठेवली होती, दारालगत, पहिल्या चित्राखाली. तासाभरात त्रेचाळीस जणांना पहिलं चित्र आवडलं. प्रमुख पाहुणे नीलमाधवबाबू, निवृत्त हेडमास्तर, त्यांनी तर फीत कापण्याआधीच लिहून टाकलं: ‘पहिलं चित्र. छायाप्रकाश विलक्षण.’

"सर, पुढे अजून अकरा आहेत," केतकी म्हणाली.

"लांबून नजर टाकली गं," समोसा फुंकत सर म्हणाले.

तेवढ्यात निभाननीदेवींनी टेबलाकडे हात पुढे केला.

"काकीमा, तुमची शुगर!" पटलदांनी पॅकेट मागे ओढलं. "डॉक्टरबाबू माझी सालटी काढतील."

"मग मी इथे करू काय?"

"चित्रं बघा की!"

दुसरा इलाजच नव्हता. फुरंगटून त्या भिंतीच्या कडेनं निघाल्या. तुतुनला कडेवर घेऊन केतकी मोजत होती. चार. पाच. सहा.

सातव्यापाशी त्या थांबल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"बौमा!"

हॉलमधलं कुरुमकुरुम चावणं थांबलं.

"हे हात कोणाचे?"

"तुमचे, मा."

"विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते! त्या दिवशी तेलाची बाटली रिकामी होती, म्हणून झाले काळे. एरवी तेल चोळल्याशिवाय मी केळफुलाला हात लावत नाही. आता गाव म्हणेल, निभाननीला केळफूल सोलता येत नाही!"

"कोणी काही म्हणणार नाही, मा," केतकी म्हणाली. "कोणी बघतच नाहीये."

"बघत नाहीये?" त्यांनी मागे वळून पाहिलं. त्रेचाळीस तोंडं समोशानं भरलेली. "माझे हात इथे टांगलेत आणि बघत नाहीत?"

त्या तरातरा टेबलापाशी गेल्या, उरलेल्या पॅकेटांची टोपली उचलली आणि सातव्या चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ज्याला हवंय त्यानं इकडे यायचं."

दुसऱ्या पॅकेटासाठी पहिले आले नीलमाधवबाबू. "बघितलं हो वहिनी. सुंदर!"

"बोटं किती दिसतात?"

"दहा."

"नऊ! एक अंगठा केळफुलामागे आहे. परत बघा."

चाळीस वर्षं दुसऱ्यांना बाकावर उभं करणारे मास्तर मुकाट्यानं वाकले. मोजू लागले. मोजता मोजता ओठ हलायचे थांबले. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"नखांच्या कडेला काळं असंच राहायचं," ते हळूच म्हणाले. "आमच्या हिच्या. दोन-दोन दिवस."

मागून कोणीतरी "चला सर, आवरा" म्हणालं. निभाननीदेवींनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. टोपली खाली ठेवली आणि जरा बाजूला सरकून मास्तरांना आणखी जागा करून दिली.