फासा हलवायचं बटण

तेजस्विनी गावित यांच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे नाथा विधाते यांना पुन्हा आठवलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचा मॉनिटर दोन्ही हातांनी उचलून धरला होता. पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘फासा टाकण्यासाठी मोबाइल हलवा.’ त्यांनी मॉनिटर आणखी थोडा हलवला. फासा जागचा हलला नाही.

“नाना!”

दारात सून उभी होती. मनीषाच्या हातात पार्सलसाठी घड्या घातलेल्या साड्या होत्या.

“भूकंप झाला का?”

नानांनी मॉनिटर खाली ठेवला. “नाही, जरा धूळ बघत होतो.”

“धूळ अशी हलवून बघतात?” ती जवळ आली, तिनं पडदा वाचला. हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. “अहो आई, इकडे या! नाना कॉम्प्युटरला झोके देतायत!”

आतून सगुणाबाईंचा आवाज आला, “देऊ दे. नातवंडांना कधी दिले नाय, त्याला तरी देऊ दे.”

पत्र श्रावणात आलं होतं. सुरगाण्याच्या पुढच्या डोंगरातल्या एका शाळेतून. तिथल्या गावितबाईंनी लिहिलं होतं की शाळेला कुणीतरी जुने संगणक दिले आहेत, पण ते कापडाखाली झाकलेले असतात. दहावीला संभाव्यतेचा धडा आहे. तो शिकवणारं एक छान ॲप त्यांनी नाशिकला प्रशिक्षणात पाहिलं, पण ते मोबाइलचं. शाळेत मोबाइलला बंदी, आणि रेंजही नाही. ‘सर, हे ॲप संगणकावर, नेट नसताना चालेल का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. दिवाळीपर्यंत वापर सुरू झाला नाही तर संगणक दुसऱ्या शाळेला देणार आहेत. तुमची संभाव्यतेवरची पुस्तिका मी बी.एड.ला असताना वाचली होती. या धड्याची भीती तिच्यामुळे गेली.’ खाली फोन नंबर होता आणि कंसात, रविवारी बाजाराला उतरते तेव्हा लागतो.

नाना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात भांडारात कारकून होते. ती पुस्तिका त्यांनी नोकरी सांभाळून, संध्याकाळी बसून लिहिली होती आणि स्वतःच छापून घेतली होती. तिचे गठ्ठे अजून माळ्यावर होते. ती कुणी वाचली असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. वाचकाचं आलेलं हे पहिलं पत्र. अशा माणसाला आपण चुकीचं सांगता कामा नये, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि तिथूनच सगळं अडलं.

कॉम्प्युटरवर ॲप चढवून द्यायला मनीषाला एक दुपार पुरली. साड्या विकायचं ॲप ती तसंच वापरायची. “ह्याला इम्युलेटर म्हणतात, नाना. कॉम्प्युटरच्या पोटात खोटा मोबाइल.” नानांनी नेटची वायर काढून पाहिली. तरी चाललं. तेव्हाच ‘हो’ लिहायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, आपला कॉम्प्युटर नवा आहे, शाळेतले जुने. मग एकदा नाणेफेकीत लागोपाठ पाच वेळा छापा आला, तेव्हा शंका आली की खोट्या मोबाइलमध्ये नाणंही खोटं पडत असेल. लागोपाठ पाच छापे येऊ शकतात, हे त्यांनी स्वतःच पुस्तिकेत लिहिलं होतं. तरीही ते कित्येक दुपारी खरं नाणं उडवत कॉम्प्युटरशेजारी बसून राहिले. मग फाशाचा धडा आला. उत्तराचे मसुदे ‘सप्रेम नमस्कार’पासून सुरू व्हायचे आणि ‘परंतु’पाशी थांबायचे. आता दिवाळी होऊन गेली होती. शाळा सुट्टीनंतरच उघडते, म्हणजे अजून उशीर झालेला नाही, असं ते स्वतःला समजावत होते.

मनीषानं माउस हातात घेतला. पडद्यावर ॲपच्या खिडकीच्या उजव्या कडेला बारीक चित्रांची पट्टी होती. त्यातल्या थरथरणाऱ्या मोबाइलच्या चित्रावर तिनं टिचकी मारली. फासा गडगडला आणि तीनवर थांबला.

“हे बघा. हलवा आता हवं तेवढं.”

नानांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फासा निमूटपणे पडत राहिला.

“हे बटण कधीपासून आहे?”

“पहिल्या दिवसापासून. मला विचारायचं ना.”

“तू कामात असतेस.”

“मग आता कळवून टाका त्या बाईंना.”

“कळवतो. एकदा फाशाचा तक्ता पुरा करून बघतो, म्हणजे...”

सगुणाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. “मनीषा, तू कोणाला सांगते? मला बघून गेल्यावर होकार कळवायला ह्यांनी चार महिने लावले होते. माझा बाप दुसरीकडं सुपारी फोडायला निघाला, तवा ह्यांचं पत्र आलं. आन् त्यात काय, तर मुलीच्या पसंतीची खात्री नाय म्हणून थांबलो होतो!”

मनीषा हसली नाही. कीबोर्डखालून पत्र काढून ती वाचत होती. दिवाळीच्या ओळीपाशी तिचं बोट थांबलं.

“नाना, आज रविवार आहे.”

“फोन नको. मला फोनवर नीट बोलता येत नाही.”

तिनं तोवर नंबर लावला होता आणि स्पीकरही चालू केला होता. पलीकडून बाजाराचा गलका आला, मग एक तरुण आवाज.

“कोण?”

“नाशिकहून बोलतेय, ताई. विधाते सरांची सून. सर इथेच आहेत.”

“सर?” आवाज एकदम उजळला. “नमस्कार सर! तुम्ही बरे आहात ना? मला वाटलं, आजारी आहात की काय.”

मनीषा नानांकडे बघत थांबली आणि मग तिनंच सांगितलं, “ताई, ते ॲप चालतं. नेट नसलं तरी चालतं. सगळं करून बघितलंय नानांनी.”

“चालतं?” ती म्हणाली. “संगणक गेले हो, ताई. सुट्टी लागायच्या आधीच टेम्पो आला होता. मी मोठ्या सरांना म्हणत होते, थांबा, नाशिकचे विधाते सर कळवणार आहेत. पुस्तक लिहिलंय त्यांनी. मोठे सर दोनदा थांबले. तिसऱ्यांदा म्हणाले, बाई, हे तुमचे सर खरंच आहेत ना कुठे?”

सगुणाबाई आत निघून गेल्या.

“आता सगळे म्हणतात, बाईंनी उगाच अडवून ठेवले,” तेजस्विनी म्हणाली. मग घाईनं, “जाऊ द्या सर, ते काही नाही. चालतं ना? म्हणजे मी चुकीचं सांगत नव्हते. एवढं कळलं, बरं झालं.”

नाना फोनकडे वाकले. एवढ्या वेळात त्यांनी मनात बरंच जुळवलं होतं.

“मी आजारी नव्हतो,” ते म्हणाले.

“हां, सर,” ती म्हणाली. जीपचा हॉर्न वाजला. “जीप भरली, सर. ठेवते. तब्येतीला जपा.”

मनीषानं साड्या उचलल्या. काही बोलायचं म्हणून म्हणाली, “चला, झालं एकदाचं. आता पत्राची गरज नाही.”

“तिच्या हातात काही नाही,” नाना म्हणाले.

“म्हणजे?”

“मोठ्या सरांना दाखवायला.”

त्यांनी कागद पुढे ओढला. चार ओळी झाल्या. ॲप संगणकावर चालतं, नेट लागत नाही. बाईंचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं. त्यांनी वेळेत विचारलं होतं, उशीर माझ्याकडून झाला. खाली सही, पूर्ण नाव, पत्ता. वाचून पाहायला त्यांनी कागद उचलला आणि न वाचताच घडी घातली.

सोमवारी सकाळी नाशिकरोडच्या पोस्टात खिडकीपुढे रांग होती. कारकुनानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“काका, गाव पार आत आहे. साध्यानं वेळ लागेल. घाई आहे का?”

“होती,” नाना म्हणाले.

कारकुनानं मान वर केली नाही. “मग स्पीडपोस्ट करू?”

“नको. साधंच जाऊ द्या.”

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. नाना खिडकीशी तसेच उभे होते. मागचा माणूस म्हणाला, “झालं ना, काका?” तेव्हा ते बाजूला सरकले.