कापडावरचा नकाशा आणि गरम प्लास्टिक

मी एक जुना नकाशा आहे, आणि मी रागावलेला आहे. मित्रांनो, स्वतःची हकिगत सांगताना राग बाजूला ठेवावा, हे मलाही कळते. पण ज्याच्या अंगाचा कोपरा त्याला न विचारता कापला गेला, त्याने गोड बोलावे तरी कसे? आधी सगळे ऐकून घ्या आणि मग माझे काही चुकते का ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म साउदॅम्प्टनला, ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्यात झाला. त्याला आता शंभर वर्षे होत आली. माझ्यावर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचा सपाट मुलूख आहे. तिथली एक मैल जमीन म्हणजे माझ्यावरचा एक इंच. हा इंच कुणी खुर्चीत बसून काढलेला नाही. माणसे साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन गुडघाभर चिखलात हिंडली. त्यांनी मोजले, खोडले आणि पुन्हा मोजले. चर्चला चौकोनी मनोरा असेल तर काळ्या चौकोनावर क्रूस काढला आणि टोकदार कळस असेल तर काळ्या गोलावर. वाट चुकलेल्या माणसाला लांबून काय दिसेल, याचासुद्धा त्यांनी विचार केला होता. माझ्यावर काही सरळसोट कालवेही आहेत. ते शेकडो वर्षांपूर्वी डच माणसांनी तिकडे जाऊन आखले. त्यामुळे पुढे मी नेदरलँड्सला आलो तेव्हा मला फारसे परके वाटले नाही.

छापून झाल्यावर मला तलम कापडावर चिकटवले आणि घड्या घातल्या. कागद एकटा असता तर घडीवर केव्हाच तुटला असता. कापडाने मला वाकायला शिकवले.

मला पहिल्यांदा घेतले ते एका सुईणीने. ती सायकलवरून गावोगाव जायची. निरोप आला की मला उघडायची, बोटाने वाट धरायची आणि निघायची. बाळ सुखरूप जन्मले की परत येऊन त्या घरावर पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायची. तीस वर्षांत माझ्यावर असे दोनशेच्या वर ठिपके पडले. मित्रांनो, कामाचे दिवस म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिले. पावसाचे थेंब अंगावर घेतले, सायकलच्या टोपलीत धक्के खाल्ले, पण माझी तक्रार नव्हती. वापराने वस्तू झिजते, तिचा अपमान होत नाही.

अपमान पुढे झाला. सुईण गेली आणि तिच्या पुतण्याबरोबर मी नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात आलो. त्याने मला कपाटाच्या खणात अंथरले आणि माझ्यावर बुटांचे पॉलिश ठेवले. एकदा मी घडीवर जरासा उसवलो, तर त्याने चिकटपट्टी लावली. ती पट्टी आजही पिवळी होऊन माझ्या पाठीवर बसली आहे. मग त्याने घर आवरले आणि मी मास्ट्रिख्टच्या एका दुकानात पोहोचलो. तिथे माझ्या जातीचे बारा नकाशे एका खोक्यात होते आणि खोक्याशेजारी कात्री होती. दुकानदार आम्हाला कापून दिव्यांच्या शेड बनवायचा. लग्नाच्या भेटीसाठी बदामाच्या आकाराचे तुकडे कापून चौकटीत बसवायचा. माझ्या डोळ्यांदेखत एका नकाशातून बदाम कापला गेला आणि उरलेले तीन जिल्हे केराच्या टोपलीत गेले! जिल्हे म्हणतोय मी, चिंध्या नव्हे.

तिथून मला सोडवले ते सुचेताने.

सुचेता याच देशातल्या न्यूनेन गावात राहते. नवऱ्याच्या, म्हणजे सारंगच्या नोकरीमुळे ती पुण्याहून इथे आली. पहिल्या वर्षी तिला काम नव्हते आणि डच येत नव्हते. तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानात तिला असाच एक नकाशा मिळाला. नकाशा वाचायला कुणाशी बोलावे लागत नाही, म्हणून ती तासन्‌तास तो वाचत बसली. आता ती युट्रेख्टच्या एका ग्रंथालयात काम करते, रोज आगगाडीने जाते आणि झकास डच बोलते. पण तो नाद मात्र तिला कायमचा लागला. इंग्लंड आणि वेल्स मिळून माझ्या मालिकेत एकशे शेहेचाळीस नकाशे आहेत. त्यांपैकी एकसष्ट तिच्याकडे आहेत.

सारंग तिला चिडवतो, "अख्खं जग फोनमध्ये आहे, आणि ही बाई तुकडे गोळा करत बसलीये."

"तुझ्या फोनमध्ये आजचं जग आहे," ती म्हणते. "कालचं कुठे शोधशील?"

आम्हाला हात लावण्यापूर्वी ती हात धुऊन कोरडे करते. आमच्याजवळ पेन आणू देत नाही. मी तिच्याकडे नऊ वर्षे सुखात होतो.

आता ऐका. सुचेताची मुलगी जुई दहा वर्षांची आहे. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला एकदा वर्गासमोर एकट्याने उभे राहून आपल्या आवडीच्या विषयावर बोलावे लागते. त्याला स्प्रेकबर्ट म्हणतात. जुईने विषय निवडला, 'माझ्या आईचे नकाशे'. वर्गाला दाखवायला तिने मला मागितले. सुचेताने बराच विचार केला आणि हो म्हटले. बुधवारी सकाळी तिने मला जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदांमध्ये पसरून ठेवले, म्हणजे माझ्या घड्या जरा सैलावतील आणि शाळेतून आल्यावर जुईला सराव करता येईल. मग ती गाडी पकडायला गेली. सारंगही गेला. घरात राहिले ते सारंगचे वडील, मनोहर आजोबा.

हे आजोबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. आणि मित्रांनो, माझ्या रागाचे मूळ इथेच आहे. ते कुणी अडाणी गृहस्थ नव्हेत. ते निवृत्त मोजणीदार आहेत! एका तालुक्याच्या कचेरीत त्यांनी अडतीस वर्षे गावनकाशे हाताळले. मला वाटले होते, चला, या घरात आपल्या खात्याचा माणूस आला.

आजोबा टेबलाशी आले. त्यांनी माझ्यावरचा कागद उचलला आणि चष्मा पुसून मला निरखून पाहिले. "वा! काय काम केलंय," असे ते स्वतःशीच म्हणाले. मी खूश झालो. मग त्यांनी सुपरमार्केटमधून आणलेले एक खोके उघडले. आत लॅमिनेशनचे मशीन होते.

त्यांच्या मनात काय होते ते नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितले. कचेरीतले अडीचशे गावनकाशे घड्यांवर फाटत चालले होते. मशीन आले तेव्हा आजोबांनी एकेक करून सगळे प्लास्टिकमध्ये घातले. साहेबांनी पाठ थोपटली. त्या दिवसापासून आजोबांच्या हिशेबी जपणे म्हणजे लॅमिनेट करणे. सारंगची गुणपत्रके लॅमिनेट, जन्मदाखला लॅमिनेट, लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट. आता वर्गातल्या तीस मुलांचे हात मला लागणार होते, म्हणून नातीच्या भाषणापूर्वी मला सुरक्षित करावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

मशीन वहीच्या पानाएवढे आणि मी टेबलाएवढा. मग हो काय करायचे? घडीवर कापायचे! आजोबांनी पट्टी धरली, कात्री घेतली आणि माझा खालचा डावा कोपरा वेगळा केला. कापलेली रेघ अगदी सरळ होती. मोजणीदाराचे एवढेच कौतुक मी करीन.

आगगाडीचा एक रूळ त्या रेघेपर्यंत येतो आणि आता तिथेच संपतो. एका गावाचे नाव माझ्याकडे राहिले आणि घरे तुकड्यावर गेली. सुईणीने दिलेले अकरा ठिपकेही तिकडेच गेले. कापडामुळे तुकडा जाड होता. मशीन कुरकुरले, अडले, तरी आजोबांनी रेटून तो आत घातला. बाहेर आला तेव्हा त्याच्यावर बुडबुडे होते, एक कड तपकिरी झाली होती आणि तो पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. जो तुकडा शंभर वर्षे वाकत आला, तो आता वाकणार नव्हता.

आजोबांनी तो उजेडात धरला. "चहा सांडला तरी आता चिंता नाही," ते समाधानाने म्हणाले आणि त्यांनी पट्टी दुसऱ्या घडीवर ठेवली.

बुधवारी इथे शाळा लवकर सुटते. दार उघडले आणि जुई आत आली. जळक्या प्लास्टिकच्या वासाने तिने आधी नाक मुरडले, मग टेबल पाहिले आणि दप्तर तिथेच टाकून ती धावली. कात्री माझ्या कडेला लागली होती. तिने आपला तळहात घडीवर, कात्रीच्या पात्यांसमोर ठेवला.

"स्टॉप! आजोबा, स्टॉप!"

"अगं अगं, हात काढ! लागेल!"

"डोन्ट कट! हा आईचा आहे!"

"आईचाच आहे ना? मग तिच्यासाठीच चाललंय. परवा तुझ्या वर्गातली ती पोरं ब्रेडवरचे चॉकलेटचे दाणे खाऊन याला हात लावतील. काय होईल याचं?"

"दे विल वॉश हँड्स," जुई म्हणाली. तिचा हात हलला नाही. मग तिने शब्द शोधत शोधत मराठीत विचारले, "तुम्ही आईला विचारलं?"

आजोबांनी कात्री टेबलावर ठेवली. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

संध्याकाळी सुचेता आली. तिने तुकडा उचलला, वाकवून पाहिला, तो वाकला नाही. ती खुर्चीत बसली. मला वाटले, आता ती ओरडेल. माझी तशी इच्छाही होती.

"हे परत निघत नाही, बाबा," ती हळूच म्हणाली. "ओढलं तर कागद फाटेल, पण प्लास्टिक सुटणार नाही."

"सुचेता, मी आयुष्यभर नकाशेच सांभाळलेत. मला शिकवू नकोस."

सारंग मध्ये पडला, "बाबा, निदान एक फोन तरी करायचा!"

"प्रत्येक गोष्टीला फोन? घरातला माणूस आहे मी, पाहुणा नाही!" आजोबांचा चेहरा लाल झाला होता.

सुचेताने सारंगला हाताने थांबवले. मग तिने विचारले, "बाबा, मशीन यायच्या आधी तुमच्या कचेरीत फाटलेल्या नकाशाचं काय करायचे?"

"काय करायचे म्हणजे? खळ लावून कापडावर घ्यायचे."

"खळ कशाची?"

"गव्हाच्या पिठाची. शिजवायची, फडक्यातून गाळायची. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. गाठ राहिली तर आमचे हेडसाहेब हातावर पट्टी मारायचे." आजोबा बोलता बोलता जरा खुलले.

"आणि चुकून वाकडं चिकटलं तर?"

"तर काय, ओलं फडकं ठेवायचं. दहा मिनिटांत सुटतं. पुन्हा लावायचं."

आजोबांनी टेबलावरच्या तुकड्याकडे पाहिले. मग मशीनकडे पाहिले. त्यांनी स्वतः उठून मशीनची वायर काढली.

"सुटतं," ते पुन्हा म्हणाले, आता अगदी हलक्या आवाजात. "आम्ही लावलेलं सगळं सुटायचं गं. त्या अडीचशे गावांचं आता काही सुटणार नाही."

मित्रांनो, खरे सांगायचे तर त्या वेळी मला माझ्या कोपऱ्यापेक्षा त्या अडीचशे गावांचे जास्त वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी स्वयंपाकघरात खळ शिजवली. विषारी मोरचूद नको, असे सुचेता म्हणाली आणि त्यांनी ते ऐकले. तिच्या जुन्या सुती ओढणीची पट्टी फाडून त्यांनी माझ्या कापलेल्या कडेखाली दिली, म्हणजे कापडाचे धागे सुटू नयेत. त्यांचे बोट माझ्यावरून फिरले तेव्हा ते हलके आणि सराईत होते. तेच बोट, तीच नजर. म्हणजे सगळे येत होते या माणसाला! म्हणून तर माझा राग जाता जात नाही. न जाणणाऱ्याने चूक केली तर सोडून देता येते.

शुक्रवारी मी जुईच्या सायकलच्या पिशवीतून शाळेत गेलो. आजोबा छत्री धरून शेजारून चालत होते. जुईने वर्गाला हात धुऊन यायला लावले. मग तिने मला उघडले आणि तो प्लास्टिकचा तुकडा माझ्या शेजारी ठेवला. प्रत्येकाला डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवायला सांगितले. फेम्के नावाच्या मुलीने विचारले, "हा कोपरा कुणी कापला?"

जुईने मागे बसलेल्या आजोबांकडे पाहिले आणि ती थांबली. आजोबांना डच येत नाही. पण तीस चेहरे त्या तुकड्याकडे पाहत होते, त्यामुळे त्यांना प्रश्न कळला. ते उठून उभे राहिले आणि शाळेतल्या मुलाने करावा तसा त्यांनी हात वर केला.

"आय डिड," ते म्हणाले. "थर्टी एट इयर्स इन मॅप ऑफिस. आय शुड हॅव आस्क्ड."

मग बाईंनी जुईला पुढे बोलायला सांगितले आणि ती चर्चच्या खुणांविषयी सांगू लागली.

मित्रांनो, माझी हकिगत एवढीच. आजोबांना मी माफ केले का, ते मला अजून ठरवता आलेले नाही. माझा कोपरा माझ्या शेजारी पडलेला असतो आणि तो माझा राहिलेला नाही. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला जपा, पण जपण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा. जी दुरुस्ती उद्या सोडवता येईल, तीच आज करा. आणि एखादे प्रेमळ माणूस न विचारता तिला सुरक्षित करायला निघाले, तर ते वयाने कितीही मोठे असो, आपला तळहात मध्ये ठेवा.